खालचा मजला कोणाचा? परळ-प्रभादेवीच्या पुलाविषयी एक खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
मा. महानगर आयुक्त, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण,
मा. महाव्यवस्थापक, बेस्ट उपक्रम,
तसेच जी/दक्षिण व एफ/दक्षिण विभागांतून निवडून आलेले सर्व नगरसेवक आणि नगरसेविका यांस,

विषय: नव्या एल्फिन्स्टन पुलाचा खालचा मजला आणि गिरणगावात उरलेली सार्वजनिक जमीन.

स.न.वि.वि.

परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा, शंभरी ओलांडलेला एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ रोजी वाहतुकीसाठी बंद झाला. त्याच्या जागी शिवडी-वरळी जोडरस्त्याचा भाग म्हणून दुमजली पूल बांधायचे ठरले आहे. वरच्या मजल्यावरून अटल सेतूकडून आलेल्या गाड्या थेट वरळीला आणि पुढे सागरी किनारा मार्गाला लागतील, आणि खालचा मजला परळ-प्रभादेवीच्या स्थानिक वाहतुकीसाठी राहील, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. हे पत्र त्या खालच्या मजल्याविषयी आहे. त्यावर पायी चालणाऱ्यांना किती फूट मिळणार, बसला किती मिळणार, आणि दोन्ही स्थानकांत उतरणारा माणूस त्या मजल्यावर कसा पोहोचणार, एवढाच माझा प्रश्न आहे. तो लहान वाटेल. परंतु या भागात गेली पस्तीस वर्षे जमिनीबाबत जे जे घडले, ते माहीत असणाऱ्याला तो लहान वाटणार नाही.

मी या भागातच जन्मले, वाढले, आणि तीस वर्षे येथील मुलांना भूगोल शिकवून निवृत्त झाले. वर्गात मुंबईचा नकाशा लावला की मुलांना मी प्रथम रेल्वेच्या दोन रेघा दाखवीत असे. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे दादरहून दक्षिणेकडे काही अंतर खांद्याला खांदा लावून येतात, आणि परळ-प्रभादेवी सोडले की हळूहळू एकमेकींपासून दूर होतात. एका बाजूला प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी; दुसऱ्या बाजूला परळ, करी रोड, चिंचपोकळी. या दोन रेघांनी गिरणगावाचे तीन उभे पट्टे केले: पूर्वेला लालबाग-परळ-शिवडी, मध्ये डिलाइल रोडचा (आताच्या ना. म. जोशी मार्गाचा) चिंचोळा भाग, आणि पश्चिमेला वरळी-प्रभादेवी. या तीन पट्ट्यांतला व्यवहार मोजक्या पुलांवर चालतो. त्यांतला एक पूल बंद झाला की त्याचा भार दादरच्या टिळक पुलावर आणि करी रोडच्या पुलावर जातो, आणि तिथली रांग लालबागपर्यंत पोहोचते. हे समजायला वाहतूक अभियंता असण्याची गरज नाही. सातवीतल्या मुलालाही ते नकाशा पाहून कळत असे.

हे पट्टे पडले तेव्हा त्यांचा त्रास फारसा जाणवत नव्हता, कारण येथील माणूस पायी चालणारा होता. परळला पूर्वी गव्हर्नरांचा बंगला होता. १८९६ च्या प्लेगानंतर, १८९९ मध्ये डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा तेथे आली, आणि आज त्याच वास्तूत हाफकिन संस्था आहे. बंगल्याभोवतीच्या वाड्या आणि शेते गिरण्यांनी व्यापली. ताडदेवला १८५६ मध्ये पहिली गिरणी सुरू झाली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी ही सगळी वस्ती भरून गेली. चाळी गिरणीच्या आसपासच उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यांचे गणितही तेच होते, की कामगाराने भोंगा ऐकून घरातून निघावे आणि भोंगा थांबायच्या आत दरवाज्यावर बिल्ला दाखवावा.

माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कामाला होते. पहिली पाळी असली की पहाटे डोळे चोळत उठत, चहा घेत आणि अकरा मिनिटांत गिरणीत पोहोचत. ही अकरा मिनिटे त्यांनी घड्याळ लावून मोजलेली होती, कारण बदली कामगार असताना उशीर झाला तर त्या दिवसाचे काम दुसऱ्याला मिळे. आयुष्यभर कामावर जाण्यासाठी त्यांनी एक पैसाही भाड्यावर खर्च केला नाही. सुटीच्या दिवशी मात्र ते ट्रामने बोरीबंदरला जात, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला निघालेली शेवटची ट्राम बघायला ते परळ नाक्यावर उभे होते, हे त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितले. रस्ता माणसांनी भरला होता आणि ट्राम चालण्याच्या वेगाने सरकत होती. त्या दिवसापासून या भागाची वाहतूक म्हणजे आगगाडी, बेस्टची बस आणि स्वतःचे पाय.

येथील राजकारणही असेच पायी चालणारे होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० पासून त्यांना रविवारची सुटी मिळवून दिली. १९२८ चा संप सहा महिने चालला आणि गिरणी कामगार युनियनचे नाव घरोघरी झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या चाळींतून निघालेल्या मोर्च्यांनी फ्लोरा फाउंटनपर्यंत रस्ते भरून टाकले. नंतर काळ बदलला. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आणि त्या जागेसाठी झालेल्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून आले; शिवसेनेचे ते पहिले आमदार. लाल बावटा आणि भगवा झेंडा एकाच चाळीच्या दोन मजल्यांवर असण्याचा तो काळ मी लहानपणी पाहिला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. १९८४ मध्ये देशभर काँग्रेसची लाट असताना याच भागाने सामंतांना लोकसभेवर पाठवले, आणि तरीही भोंगे बंद पडले ते पडलेच. माझे वडील त्यानंतर सतरा वर्षे जगले, पण त्यांना विचारले की काय करता, तर ते शेवटपर्यंत 'साचेवाला' असेच उत्तर देत.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण हे, की येथील माणूस मजुरीसाठी भांडला, घरासाठी भांडला, भाषिक राज्यासाठी त्याने गोळ्या झेलल्या. परंतु ज्या वेळी जमिनीचा निर्णय व्हायचा होता त्या वेळी तो थकलेला, कर्जात बुडालेला आणि गावाकडे पांगलेला होता. आणि तो निर्णय नेमका तेव्हाच झाला.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. बंद पडलेल्या गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेली मालकाला, असे त्याचे सार होते. मुंबईतल्या गिरण्यांची एकूण जमीन सुमारे सहाशे एकर धरली जाते आणि तिचा फार मोठा भाग याच दोन विभागांत आहे. ज्या शहरात मैदानाअभावी मुले रस्त्यावर खेळतात, त्या शहराच्या ऐन मध्यावर शेकडो एकर सार्वजनिक जमीन येणार होती. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रत्येक गिरणीचा सुटा विचार न करता सगळ्या जमिनींचा एकत्र आराखडा करावा, असे सुचवले. ते झाले नाही. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याची उरली. गिरणीच्या आवारात मोकळे असे असते तरी किती? साचेखाते, सूतखाते, गोदामे, चिमणी, कार्यालय, सगळे बांधकामच. ते पाडल्यावर जी जमीन मोकळी झाली, ती वाटणीत धरायची नाही असे ठरले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नागरिकांच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान, २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्या विकल्या गेल्या, त्यांतल्या एकट्या मुंबई टेक्सटाइल मिलची किंमत ७०२ कोटी रुपये आली. कामगारांना घरे देण्याचे वचन याच व्यवहारांतून निघाले होते, आणि अर्ज केलेल्या बहुतेक कुटुंबांना अजूनही घर मिळालेले नाही.

न्यायालयाच्या निकालाविषयी मला काही म्हणायचे नाही. तो शिरसावंद्य आहे. पण नियम न्यायालयाने बदलला नव्हता. तो शासनाने बदलला, महापालिकेने त्यावर परवानग्या दिल्या, आणि त्या काळात राज्यात एक पक्ष होता, पालिकेत दुसरा. आज ज्यांनी या विभागांत मते मागितली, त्यांतल्या एकाही जुन्या पक्षाला या प्रश्नावर हात झटकता येणार नाहीत. हे कडू आहे, पण खरे आहे, आणि ते लिहिल्यावाचून पुढचे लिहिणे अप्रामाणिक होईल.

त्या बदलाचा वाहतुकीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे आले, मॉल आले, उपाहारगृहे आली. काम येथेच राहिले, पण काम करणारा मात्र विरार, कल्याण, पनवेलहून येऊ लागला. पूर्वी अडीच लाख माणसे पायी कामाला जात आणि रेल्वे स्थानकाशी त्यांचा संबंध गणपतीला गावी जाण्यापुरता असे. आता रोज सकाळी दोन-अडीच तासांत तितकीच गर्दी चार छोट्या स्थानकांतून बाहेर पडते. ही स्थानके गिरणीच्या काळातलीच, जिने तेवढेच अरुंद, आणि स्थानकाबाहेर पाय ठेवायला जागा नाही, कारण ती जागा ज्या जमिनीतून मिळायची ती जमीन वाटणीतून निसटलेली होती. त्यावर गाड्यांसाठी मात्र जागा निघाली. सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या विकासकाला जादा चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, देण्याचा नियम आला, आणि दोन रेल्वेमार्गांच्या मध्ये, जेथे माणूस गाडीशिवाय सहज येऊ शकतो अशा जागी, मजल्यांवर मजले गाड्या उभ्या करण्यासाठी चढले.

२९ सप्टेंबर २०१७ हा दिवस आपणांस आठवण करून द्यावा लागेल असे मला वाटत नाही, तरीही लिहिते. सकाळची साडेदहाची वेळ, जोराचा पाऊस. एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर लोक पाऊस थांबण्याची वाट पाहत उभे राहिले, आणि मागून एकामागून एक आलेल्या गाड्यांतून उतरलेली माणसे त्या जिन्याकडे येतच राहिली. २३ जण चेंगरून मेले. मी त्या वेळी आठवीच्या वर्गावर होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील रोज त्याच पुलावरून फुलांचे गाठोडे घेऊन जात. बातमी आली तशी ती मुलगी बाकावर ताठ बसून राहिली. रडली नाही, बोलली नाही, वही उघडी आणि हात वहीवर. दुपारी तीन वाजता त्यांचा फोन आला की मी त्या दिवशी गेलोच नव्हतो, अंगात ताप होता. तेव्हा ती रडली. तो दिवस मी विसरू शकत नाही, आणि विसरावा असे मला वाटतही नाही.

त्यानंतर लष्कराने बांधलेला पादचारी पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. महिने नव्हे, वर्षे लागतात असे जे काम आम्हाला नेहमी सांगितले जाते, ते पाच महिन्यांत झाले. १९ जुलै २०१८ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले, मार्च २०१९ मध्ये परळ टर्मिनस सुरू होऊन येथूनच काही लोकल सुटू लागल्या, आणि थोडा श्वास मिळाला. पण त्याच काळात, जुलै २०१८ मध्ये, लोअर परळचा डिलाइल पूल धोकादायक म्हणून बंद झाला आणि तो पूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडले. पाच वर्षे आणि चार महिने. एका पिढीची मुले पहिलीतून सहावीत गेली. ना. म. जोशी मार्गावरच्या दुकानदारांनी, शाळांनी, चाळींतल्या म्हाताऱ्या माणसांनी ती पाच वर्षे कशी काढली याचा हिशेब कोठेही मांडला गेलेला नाही. आता एल्फिन्स्टन पुलाची पाळी आहे, आणि म्हणून आमच्या मनात जी धास्ती आहे तिला अविश्वास म्हणू नये. तो अनुभव आहे.

माझी आई ८४ वर्षांची आहे. आम्ही पश्चिमेला राहतो आणि तिचे उपचार पूर्वेला, परळच्या एका रुग्णालयात चालतात. रुग्णालये सगळी पूर्वेलाच आहेत: केईएम, टाटा, वाडिया. पूल होता तेव्हा बस किंवा टॅक्सी दहा-बारा मिनिटांत सोडत असे. आता टॅक्सीवाला वळसा ऐकूनच मान हलवतो, म्हणून आम्ही पादचारी पुलाने जातो. ती एका हाताने कठडा धरते, दुसऱ्या हाताने माझा दंड, आणि दर सात-आठ पायऱ्यांनी थांबते. तिच्या मागे थांबलेली माणसे काही बोलत नाहीत, पण त्यांचा श्वास आम्हाला ऐकू येतो. त्या पुलावर मी रोज आणखी एक दृश्य पाहते. हातात क्ष-किरण चित्रांचा मोठा लिफाफा, काखेत वळकटी, डोक्याला रुमाल बांधलेले आजारी माणूस आणि सोबत त्याची बायको किंवा मुलगा. जळगावहून, नांदेडहून, बिहारहून आलेले. ते विचारतात, 'टाटा कुठे?' हा प्रश्न गेली ऐंशी वर्षे येथे विचारला जात आहे. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ चे आहे. पुलाच्या आराखड्यात या माणसाची नोंद कोणत्या रकान्यात केली आहे, हे मला जाणून घ्यायचे आहे.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी मुलांना एक प्रकल्प दिला होता: शाळा ते स्थानक या वाटेवरच्या पदपथाची रुंदी दर पन्नास पावलांवर मोजायची. शिवणकामाची टेप, वही, आणि चार-चारांचे गट. एका नव्या मनोऱ्याच्या भिंतीशी आल्यावर एका मुलाने टेप भिंतीला लावली आणि दुसरे टोक वीजपेटीला टेकले. साठ सेंटीमीटर. त्या मुलाने मला विचारले, 'बाई, हा पदपथ धरायचा की सोडून द्यायचा?' मनोऱ्याच्या आत, त्याच भिंतीपलीकडे, गाड्यांना आत-बाहेर करण्यासाठी दोन वेगळ्या मार्गिका होत्या. मी त्याला धरायला सांगितले. तक्त्यात तो साठचा आकडा अजून आहे, आणि तो तक्ता मी जपून ठेवला आहे.

या भागातून जाण्यासाठी पुष्कळ बांधले गेले आहे, हे मी मान्य करते. सागरी किनारा मार्ग झाला, अटल सेतू झाला, त्यांना जोडणारा साडेचार किलोमीटरचा हा रस्ता होत आहे. मी त्याच्या विरोधात नाही. नवी मुंबईहून येणाऱ्या माणसाचा वेळ वाचणार असेल तर ते चांगलेच आहे. परंतु तो रस्ता गिरणगावाच्या डोक्यावरून जातो. येथे येणारा, येथे राहणारा, येथे चालणारा माणूस त्यावर पाय ठेवणार नाही. मोनोरेल लोअर परळवरून जाते. ती २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत आली आणि सप्टेंबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद ठेवण्यात आली. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि तिची मला मनापासून अपूर्वाई वाटते. सिद्धिविनायक, वरळी, आचार्य अत्रे चौक अशी स्थानके आमच्या पश्चिम पट्ट्यात आली. पण मेट्रोतून उतरून परळच्या रुग्णालयात जायचे तर दोन्ही रेल्वेमार्ग ओलांडावेच लागतात, आणि तिथे पुन्हा तोच पूल, तोच जिना.

म्हणून बसचा मुद्दा आला. बेस्टची पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी धावली. म्हणजे आमच्या या गाडीला शंभर वर्षे झाली. पूर्व-पश्चिम जोडणी हे तिचे खरे काम, कारण रेल्वे मुंबईला उत्तर-दक्षिण नेते आणि आडवे जायचे तर बसच लागते. बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या वर्षानुवर्षे कमी होत गेल्या, कंत्राटी गाड्या आल्या, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले. भाडेवाढ आम्ही सोसली. पण भाडे वाढवून बस येणारच नसेल, आणि आली तर गाड्यांच्या रांगेत अडकून उभी राहणार असेल, तर दहा रुपये देऊन माणसाने काय विकत घेतले? त्यातच आगारांच्या जागा व्यापारी विकासाला देऊन तूट भरून काढण्याची भाषा पुन्हा पुन्हा ऐकू येते. महाव्यवस्थापक साहेब, गिरण्यांची जमीन विकतानाही हेच सांगण्यात आले होते, की पैसे येतील आणि त्यातून बाकीचे सुधारेल. पैसे आले असतील. जमीन परत आली नाही. शहराच्या मध्यभागी बस वळवायला, उभी करायला, चार्ज करायला जी जागा लागते, ती एकदा गेली की कोणत्याही किमतीला पुन्हा मिळत नाही.

आमचे मागणे अवास्तव नाही. खालच्या मजल्यावर दोन्ही बाजूंना असा पदपथ हवा, की ज्यावरून चाकाची खुर्ची ढकलणारा माणूस आणि समोरून येणारी गर्दी एकमेकांना न धडकता जाऊ शकतील, आणि त्या पदपथावर नंतर कोणतीही पेटी, खांब वा जाहिरातफलक येणार नाही याची लेखी हमी हवी. बसला स्वतंत्र मार्गिका हवी, आणि पुलावरच, दोन्ही स्थानकांच्या डोक्यावर, बसथांबा हवा, तेथून फलाटांच्या पादचारी पुलांवर पायऱ्यांशिवाय उतरता यावे. रेल्वेची संमती लागेल, हे मला ठाऊक आहे. पण पूल रेल्वेवरूनच जात असल्याने ती संमती घेण्याची यापेक्षा योग्य वेळ पुढची शंभर वर्षे येणार नाही. नवा पूल खुला होईपर्यंत प्रभादेवी, परळ आणि तिन्ही मोठी रुग्णालये यांच्यामध्ये दर दहा मिनिटांनी लहान बस फिरावी, आणि रुग्णाला स्थानकापासून रुग्णालयापर्यंत नेण्याची काही सोय पुलाच्या दोन्ही टोकांना असावी. हे खर्चाचे काम नाही. ज्या प्रकल्पावर इतका पैसा लागणार आहे त्यात हा खर्च दिसणारसुद्धा नाही.

दुसरे मागणे जमिनीचे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या काही गिरण्या या भागात अजून बंद अवस्थेत उभ्या आहेत. मध्य रेल्वेच्या परळ कारखान्याच्या जागेवर लांब पल्ल्याच्या गाड्यांचे टर्मिनस करण्याचा विचार अनेक वर्षे मांडला जात आहे. बेस्टची आगारे आहेत. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांच्या घरात गेलेल्या कुटुंबांचा आनंद मी डोळ्यांनी पाहिला आहे आणि त्याला मी उणे बोलणार नाही, पण त्या मनोऱ्यांत राहायला येणारी हजारो माणसे खाली उतरून कोणत्या पदपथावर चालणार, हे आताच ठरवायला हवे. या सर्व जागांचा एकत्र नकाशा करा. तो मराठीत, मोठ्या कागदावर, दोन्ही विभाग कार्यालयांत लावा. त्यावर स्थानकांभोवतीची मोकळी जागा, बसस्थानके आणि पायवाटा आधी आखा आणि मग उरलेल्या जागेचा विचार करा. कोरिया समितीने तीस वर्षांपूर्वी सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करायला सांगितले होते. तेव्हा हातात सहाशे एकर होते, आता थोडेच आहे, म्हणून तो विचार अधिकच निकडीचा आहे.

नगरसेवक आणि नगरसेविकांना एक स्वतंत्र विनंती. ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, जवळजवळ चार वर्षे, येथे निवडून आलेला एकही प्रतिनिधी नव्हता. पुलाचा निर्णय, पाडकाम, बाधित इमारतींतल्या रहिवाशांचे आंदोलन, हे सगळे त्या काळात झाले. ज्या भागाने लोखंड्यांपासून सामंतांपर्यंत माणसे उभी केली, त्या भागाला विचारायला प्रशासकाच्या दालनाबाहेर रांग लावावी लागली. आता आपण आहात. प्रभाग समितीच्या पहिल्या काही बैठकांत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या, प्राधिकरणाच्या अभियंत्यांना पुलाचा छेद, म्हणजे आडवा काप दाखवणारे चित्र, घेऊन बोलवा, आणि खालच्या मजल्याची रुंदी कशी वाटली आहे हे फूट-इंचांत विचारा. 'पादचाऱ्यांची योग्य सोय करण्यात येईल' हे उत्तर कृपा करून स्वीकारू नका. तो साठ सेंटीमीटरचा पदपथही कोणाच्या तरी कागदावर योग्य सोय म्हणूनच नोंदलेला असेल.

आपल्यापैकी कोणीही, कोणत्याही कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला प्रभादेवी स्थानकाच्या पश्चिमेला यावे. मी आईला घेऊन येईन. तेथून आपण तिच्या चालीने परळच्या रुग्णालयापर्यंत जाऊ. येताना पुलाच्या खालच्या मजल्याचा आराखडा सोबत आणावा, टेप मी आणीन.

कळावे,

आपली विश्वासू,
प्रभादेवी-लोअर परळ परिसरातील एक निवृत्त शिक्षिका